माकडं वाढलेली दिसतात, तरी सिंहपुच्छ माकड 'एन्डेंजर्ड' का? स्टेटस नेमकं कसं ठरतं

तुमचा प्रश्न थोडक्यात असा आहे की तुम्ही तमिळनाडूच्या अनामलई टेकड्यांतल्या वालपराईला गेला होतात, तिथे एका सकाळी रस्त्याकडेला चाळीस-पन्नास सिंहपुच्छ माकडं एकदम बघितली, तिथले लोक म्हणाले आता ही पूर्वीपेक्षा पुष्कळ वाढलीत, मग आययूसीएन या आंतरराष्ट्रीय निसर्गसंवर्धन संघटनेच्या रेड लिस्टवर, म्हणजे धोक्यातल्या जातींच्या यादीवर, हे अजून एन्डेंजर्ड, म्हणजे नष्ट व्हायच्या धोक्यातलं, कसं काय, हे ठरवतं कोण, आणि सर्व्हेला स्वतः जायचं झालं तर काय लिहून आणायचं. पश्चिम घाटात या माकडांच्या मागे माझी बरीच वर्षं गेलीत आणि असेसमेंटच्या मीटिंगांमध्येही डोकं खाऊन झालंय, त्यामुळे जरा लांबण लावतो, चहा घेऊन बसा.

आधी हे सांगतो की तुम्ही बघितलं ते खरंय आणि लोक म्हणतात तेही खरंय. वालपराईजवळच्या पुदुथोट्टम इस्टेटमधली माकडं १९९० च्या दशकात चाळीसच्या आत होती आणि आता दीडशेच्या वर गेलीत. पण अख्ख्या जातीचं स्टेटस दिसलेली डोकी मोजून ठरत नाही. जी डोकी आहेत त्यातली पिल्लं देणारी किती, ती एकमेकांपर्यंत पोचू शकतात का, आणि एकूण प्रकरण वर चाललंय का खाली, यावर ते ठरतं. पुदुथोट्टम हे तर उलट उत्तम उदाहरण आहे, आकडा वाढूनही परिस्थिती सुधारत नाही ती कशी, त्यावर नंतर येतो.

एक बारीकशी गोष्ट. आपल्या पुस्तकांत याला 'सिंहपुच्छ वानर' लिहितात, मला ते खटकतं. मराठीत वानर म्हणजे काळतोंड्या, लांब शेपटीचा, ज्याच्या नराला आपण हुप्या म्हणतो तो, पानं खाणारा. हे मॅकाक आहे, म्हणजे आपल्या लालतोंड्या माकडाच्या घरातलं, गालात पिशव्या असलेलं, फळं आणि किडे खाणारं, म्हणून माकड. ही नुसती शब्दाची खाजवाखाजव नाही, या नावांच्या घोळात सर्व्हेचे आकडे बिघडलेले मी पाहिलेत, तेही खाली येईल.

आता ठरवतं कोण. रेड लिस्ट आययूसीएनची, १९६४ पासूनची. सुरुवातीला ती तज्ज्ञांच्या अंदाजावर चालायची, म्हणजे चार जाणकार बसले आणि म्हणाले हे धोक्यात आहे की झालं. १९९४ ला आकड्यांचे निकष आले, २००१ ला त्यांची आत्ता चालते ती आवृत्ती आली. माकडांसाठी प्रायमेट (माकड-वानरांचा वर्ग) स्पेशालिस्ट ग्रुप आहे, त्यातले किंवा त्यांच्याशी जोडलेले असेसर माहिती गोळा करून मसुदा लिहितात, दुसरे लोक तो तपासतात, मग तो छापला जातो. दक्षिण आशियातल्या सगळ्या प्रायमेट्सचं असं मोठं बैठं काम २००२ मध्ये कोइंबतूरला झालं होतं, २००३ ला त्याचा रिपोर्ट आला, आणि त्यानंतरच्या बऱ्याच असेसमेंटचा पाया तोच आहे. यात सरकारी शिक्का कुठेच नाही हे लक्षात घ्या. आपल्याकडचा कायदा म्हणजे १९७२ चा वन्यजीव संरक्षण कायदा, त्यात हे माकड शेड्युल एकमध्ये, म्हणजे सगळ्यात जास्त संरक्षणाच्या यादीत आहे, ते वेगळं खातं. उद्या रेड लिस्टवर याचा दर्जा बदलला तरी मारणाऱ्याची शिक्षा बदलत नाही.

निकष पाच आहेत, ए ते ई. पाचांपैकी कुठल्याही एकात बसलं तरी पुरतं, आणि ज्यात सगळ्यात वरचा, म्हणजे सगळ्यात जास्त धोक्याचा दर्जा मिळतो तो धरायचा. पण बघायचे सगळे असतात, आणि या माकडाच्या बाबतीत ते एकेक करून बघितले की मजा कळते.

ए म्हणजे घट. दहा वर्षांत किंवा तीन पिढ्यांत, यातला जो काळ मोठा असेल त्यात, साधारण ५० टक्के घट झाली तर एन्डेंजर्ड, ८० टक्के तर त्याच्या वरचा क्रिटिकल, ३० तर खालचा व्हल्नरेबल. आता पिढी म्हणजे मादी पहिल्यांदा कधी व्याली ते वय नाही, इथे सगळे चुकतात. पिढी म्हणजे आत्ता जन्मणाऱ्या पिल्लांच्या आईबापांचं सरासरी वय. या माकडाची मादी जंगलात साडेसहा-सात वर्षांची होते तेव्हा पहिलं पिल्लू देते, पुढे दोन पिल्लांत अडीच-तीन वर्षांचं अंतर असतं, आणि ती पुष्कळ वर्षं वीत राहते, त्यामुळे पिढी सात वर्षांपेक्षा बरीच लांब निघते आणि तीन पिढ्या म्हणजे काही दशकं मागे जावं लागतं. बरं, गेलो मागे. पण या माकडाचं जंगल गेलं कधी? वालपराईच्या पठारावर चहा-कॉफीसाठी तोड सुरू झाली ती १८९० च्या दशकात, आणि घाटातल्या इतर ठिकाणीही मोठा घास गेला तो इंग्रजांच्या काळात आणि स्वातंत्र्यानंतरच्या पहिल्या काही दशकांत, धरणं, वेलदोड्याच्या बागा, सागाच्या लागवडी. म्हणजे सगळ्यात मोठी घट तीन पिढ्यांच्या खिडकीच्या बाहेरच पडते. निकष ए ला ती दिसतच नाही. मला पहिल्यांदा हे कळलं तेव्हा ही पद्धत चुकीची वाटली होती, आता वाटत नाही, कारण रेड लिस्ट हा इतिहासाचा पंचनामा नाही, इथून पुढे ही जात नष्ट होण्याची शक्यता किती एवढंच ती सांगते.

बी म्हणजे पसारा. यात दोन मापं, एक म्हणजे सगळ्या नोंदींच्या बाहेरून दोरा ताणला तर आत किती क्षेत्र येतं ते, आणि दुसरं म्हणजे प्रत्यक्ष ज्या दोन बाय दोन किलोमीटरच्या चौकटींत ते सापडतं त्या चौकटींची बेरीज. दक्षिणेला तमिळनाडूतल्या कलक्कड-अगस्त्यमलैपासून उत्तरेला कर्नाटकातल्या उत्तर कन्नड जिल्ह्यातल्या सिरसी-होन्नावरपर्यंत या माकडाची रेघ आहे, सहाशे किलोमीटरच्या वर. असा दोरा ताणला की आत भातशेती, शहरं, पालक्काडची सपाट खिंड सगळं येतं आणि आकडा एन्डेंजर्डची मर्यादा जी ५,००० चौरस किलोमीटर आहे तिच्या कुठल्या कुठे पुढे जातो. चौकटींच्या हिशोबाला मर्यादा ५०० ची, पण तिथे सर्व्हे कुठे झाले आणि कुठे नाही यावरच सगळं अवलंबून. त्यामुळे बी वर मी फार वेळ घालवत नाही. डी म्हणजे २५० पेक्षा कमी प्रौढ, सुदैवाने तेवढी वेळ आलेली नाही. ई साठी गणिती मॉडेल लागतं आणि त्यात घालायचे जन्म-मृत्यूचे आकडे बहुतेक तुकड्यांतून कोणाकडे नाहीतच, त्यामुळे तोही सोडा.

खरी लढाई सी वर आहे. सी म्हणतो प्रौढ प्राणी २,५०० पेक्षा कमी, आणि संख्या घटत चाललेली, आणि वर एकतर घटीचा ठराविक वेग, नाहीतर प्रत्येक सबपॉप्युलेशनमध्ये, म्हणजे सुट्या पडलेल्या गटात, प्रौढ २५० च्या आत. २००८ च्या असेसमेंटमध्ये हाच शेवटचा प्रकार लावला होता. तेव्हाचा हिशोब असा की जंगलात एकूण ४,००० च्या आत माकडं, तीन राज्यांत, ४७ सुट्या तुकड्यांत.

४,००० ऐकून लोक म्हणतात मग २,५०० च्या वर झालं की! इथे थांबा. निकषात मोजायचे ते प्रौढ, म्हणजे आत्ता पिल्लं देऊ शकणारे. या माकडाची टोळी साधारण वीसची धरली तर त्यात प्रौढ नर बहुतेक वेळा एकच, माद्या सात-आठ, बाकी सगळी अर्धवट वयाची पोरं आणि छातीला चिकटलेली पिल्लं. म्हणजे वीसातले नऊ, ४५ टक्के. ४,००० चे १,८०० झाले. उदार होऊन ६० टक्के धरलेत तरी २,४००. शिवाय आययूसीएनच्या नियमातच लिहिलंय की नर-मादीचं प्रमाण एका बाजूला झुकलेलं असेल तर प्रौढांचा अंदाज खालच्या बाजूला घ्यायचा, कारण एक नर मेला किंवा बदलला तर टोळीचं गणित बदलतं. प्राणिसंग्रहालयातली माकडं यात अजिबात धरायची नाहीत, त्यांचं कितीही छान चाललेलं असो.

आता सबपॉप्युलेशन. ज्यांच्यात वर्षाला जेमतेम एखाद्या प्राण्याची यशस्वी देवाणघेवाण होते किंवा तेवढीही होत नाही ते दोन वेगळे गट, अशी त्याची साधारण व्याख्या आहे. ऐकायला सोपी, लावायला महाकठीण. सिरसी-होन्नावरचं उदाहरण घ्या. मैसूर विद्यापीठातले मेवा सिंग आणि त्यांचे सहकारी होन्नवल्ली कुमारा यांच्या तिथल्या कामाआधी या भागात एवढी माकडं आहेत असं कोणी धरत नव्हतं, त्यांना तिथे ३२ टोळ्या आणि ६०० च्या वर माकडं सापडली, आणि ती बरीचशी अभयारण्याच्या बाहेर, राखीव जंगलात. पुढे २०११ मध्ये त्यातूनच अघनाशिनी कॉन्झर्वेशन रिझर्व्ह झालं. आता ६४० धरले आणि ४५ टक्के काढले तर २८८ येतात, म्हणजे २५० च्या वर. मग प्रश्न असा की ही ३२ टोळ्यांची एकच सबपॉप्युलेशन का दोन-तीन? मधे सुपारीच्या बागा आहेत, गावं आहेत, रस्ते आहेत. नर टोळी सोडून जातो तो या बागांमधून पलीकडे पोचतो का? पोचत असेल तर एक गट, मग २५० ची अट अडचणीत येते आणि घटीच्या वेगावरून केस मांडावी लागते. पोचत नसेल तर गट वेगळे आणि अट आरामात पाळली जाते. म्हणजे गंमत बघा, जितकी तुटातूट जास्त तितका कागदावरचा निकष सोपा. अशा एका प्रश्नावर दोन शहाणी माणसं दुपारभर भांडू शकतात, मी भांडलोय.

असेसरने यात काय करायचं, तर एकच आकडा ठोकून द्यायचा नाही, खालचा, वरचा आणि सगळ्यात पटणारा असे तिन्ही लिहायचे आणि कुठला का धरला ते सांगायचं. सावध राहायचं पण उगाच घाबरवायचं नाही, नियमही हेच म्हणतो.

आता पुदुथोट्टम. तो जंगलाचा तुकडा एक चौरस किलोमीटर सुद्धा नाही, भोवती चहा-कॉफी, घरं आणि हायवे. सलग जंगलात एका टोळीला फिरायला एक-दीडपासून पाच चौरस किलोमीटर लागतात, आणि तिथे ही माकडं जवळजवळ पूर्ण दिवस झाडावर असतात, जमिनीवर उतरणं म्हणजे अपवाद. पुदुथोट्टममध्ये एका टोळीच्या कित्येक टोळ्या झाल्या, त्या त्याच चिमटीएवढ्या जागेत मावेनात म्हणून खाली उतरल्या, घरांची कौलं काढायला लागल्या, कचऱ्यात हात घालायला लागल्या, रस्त्यावर गाडीखाली यायला लागल्या. नेचर कॉन्झर्वेशन फाउंडेशनच्या लोकांनी रस्त्यावरून झाडाला झाड जोडणारे कॅनव्हासचे पूल बांधले, रस्त्यावर माणसं उभी केली, त्याचा उपयोग झाला, पण वाढलेल्या माकडांना जायला पुढचं जंगल जोडलेलंच नाही. तुम्ही बघितलेली पन्नास म्हणजे हीच किंवा यांच्याच शेजारची. तुम्हाला ती सहज दिसली हीच मुळात वाईट बातमी आहे, केरळातल्या सायलेंट व्हॅलीच्या जंगलात तीन दिवस चालून एक टोळी ओझरती दिसली तर आम्ही खूश असतो.

मग 'वाढली' याचा दुसरा अर्थ. १९७० च्या दशकात स्टीव्हन ग्रीन आणि कॅरन मिन्कोव्स्की यांनी घाटाच्या दक्षिण टोकाच्या अशांबू टेकड्यांत या माकडाचा पहिला सविस्तर अभ्यास केला आणि १९७७ मध्ये एकूण संख्येचा अंदाज दिला तो जेमतेम चारशेचा होता. त्याच सुमारास सायलेंट व्हॅलीत कुंतीपुळा नदीवरच्या धरणाचा वाद पेटला, हे माकड आंदोलनाचा चेहरा झालं, १९८४ ला नॅशनल पार्क झालं. आज आपण ३,५००-४,००० म्हणतो. मग पन्नास वर्षांत दहापट झाली का? साडेसहाव्या वर्षी पहिलं पिल्लू, पुढे तीन वर्षांनी एक, तेही सगळी जगत नाहीत, असल्या प्राण्याला आक्रसणाऱ्या जंगलात दहापट होणं शक्यच नाही. आपण जास्त ठिकाणी बघितलं एवढंच झालं. कर्नाटकातला पट्टा सापडला, अनामलईत खाजगी इस्टेटी धुंडाळल्या गेल्या. आकडा वाढला तो आपल्या ज्ञानाचा. म्हणून दोन काळांचे आकडे शेजारी ठेवून वाढ-घट काढण्याआधी किती दिवस, किती किलोमीटर, कुठल्या महिन्यात, किती माणसं, हे जुळतंय का बघायचं. नसेल जुळत तर तुलना करायची नाही, मोह आवरायचा.

फील्डवर मोजायचं कसं ते सांगतो, कारण तुम्हाला जायचंय. पुस्तकी पद्धत म्हणजे लाइन ट्रान्सेक्ट, सरळ रेषेत चालायचं, दिसलेल्या टोळीचं रेषेपासून अंतर मोजायचं, त्यावरून घनता काढायची. यासाठी निदान साठ-ऐंशी वेळा दर्शन व्हावं लागतं, आणि या माकडाच्या बाबतीत तेवढं होईपर्यंत आपले केस पांढरे होतात. म्हणून बहुतेक जण जंगलाचे पट्टे पाडून, वाटा-नाले पकडून, तासाला साधारण किलोमीटरभर या चालीने सगळा भाग पिंजून काढतात आणि टोळ्या मोजतात. टोळी मिळाली की ती लगेच मोजायची नाही. चाळीस फुटांवरच्या पानांत नुसत्या फांद्या हलताना दिसतात, एक काळा पाय, एक शेपटीचा गोंडा, असं करत तुम्ही आठ लिहिता आणि ती बावीस असतात.

एकदा केरळातल्या नेलियमपतीत असंच झालं. सकाळपासून पाऊस, जळवा मोज्यांच्या आत, सोबत कादर या आदिवासी समाजातले एक वयस्कर अण्णा होते. आम्ही झाडाखाली मान वर करून तासभर मोजून अकरा लिहिले. अण्णा काही बोलले नाहीत, त्यांनी हाताला धरून दोनशे पावलं पुढे नाल्याच्या काठावर नेऊन बसवलं. तिथे दोन्ही काठांच्या फांद्या एकाच जागी जेमतेम टेकत होत्या. अर्ध्या तासाने टोळी तिथे आली. पहिली एक मादी थांबली, खाली बघितलं, फांदी दाबून बघितली आणि गेली, मग एकामागून एक, प्रत्येकाच्या वजनाने तीच फांदी वाकायची आणि पाणी उडायचं. आता पोटाखालचं पिल्लूसुद्धा मोजता येत होतं. शेवटून दुसरा तो मोठा नर, आयाळ भिजून गालाला चिकटलेली. एकोणीस. अण्णांनी बोटांवर मोजले होते, त्यांचे वीस, आणि त्यांचेच बरोबर होते, एक पिल्लू मी आईच्या हिशोबात खाल्लं होतं. तेव्हापासून मी टोळी मिळाली की आधी ती कुठून ओलांडणार ते शोधतो, रस्ता, ओढा, वीजतारांची पट्टी, काहीही.

तीच टोळी दोनदा मोजली जाणं हा दुसरा घोळ. तुटकी शेपटी, ओठावरची खूण, एखाद्या मादीचा पांगळा हात, हे लिहून ठेवायचं, आणि जवळजवळ दोन टोळ्या असतील तर दोन टीम एकाच वेळी दोन्हीकडे उभ्या हव्यात. नराची हूप अशी लांबवर जाणारी आरोळी येते ती ऐकून टोळी शोधायला मदत होते, पण नुसत्या आरोळीवर आकडा लिहू नका.

आणि नावांचा घोळ. केरळात गावकऱ्यांना 'काळं माकड दिसतं का' विचारलंत तर सगळे हो म्हणतील, कारण तिथे करिंकुरंगु म्हणजे निलगिरी लंगूर, तोही काळाच. सिंहपुच्छाला मलयाळममध्ये सिंहवालन कुरंगु म्हणतात, तमिळमध्ये सोलैमंदी, कन्नडमध्ये सिंगळीक. विचारताना नाव आधी आपण घ्यायचं नाही, शेपूट कशी, तोंडाभोवती काय, ओरडतं कसं, पानं खातं का फणस फोडतं, हे त्यांच्याकडून काढायचं. लंगुराचं डोकं तपकिरी-सोनेरी आणि शेपूट लांबलचक, याची आयाळ रुपेरी-करडी आणि शेपूट आखूड, टोकाला गोंडा. उत्तर कन्नडमध्ये निलगिरी लंगूर नाहीच, त्यामुळे तिथल्या मुलाखती जास्त भरवशाच्या.

यावरून एक जुना राग आठवला. एका रस्त्याच्या कामासाठी कोणा एका सल्लागाराचा रिपोर्ट माझ्याकडे मत द्यायला आला होता, त्यात लिहिलेलं 'प्रजाती आढळली नाही'. किती चालले ते लिहिलंच नव्हतं. विचारल्यावर कळलं तीन दिवस, दुपारी, जीपमधून, आणि ज्या झाडांना तेव्हा फळ होतं तो उतार त्यांनी बघितलाच नाही. दक्षिणेकडे या माकडाचं मोठं खाणं म्हणजे कलेनियाचं झाड, काटेरी फळाचं, फणसासारखं खोडा-फांद्यांना लगडणारं, त्याला फुलं-फळं आली की टोळी कुठे असणार ते जवळपास ठरलेलं. 'आढळली नाही' आणि 'नाही' यात मैलांचं अंतर आहे, आणि ते अंतर फक्त केलेल्या मेहनतीची नोंद असेल तरच मोजता येतं.

घट दाखवायची कशी, हाही प्रश्न येतो, कारण सी ला घट हवीच. प्रत्यक्ष डोकी कमी झालेली दाखवता आली तर उत्तम, पण नियम अनुमानालाही जागा देतो, म्हणजे जंगलाचा दर्जा घसरतोय, तुकडे वाढतायत, यावरून संख्या घटत असणार असं मांडता येतं, फक्त ते अनुमान आहे असं स्पष्ट लिहावं लागतं. शिकार, सरपणासाठी तोड, रुंद होणारे रस्ते, वीजतारा. सिरसीकडे उप्पगे म्हणजे आपल्या कोकमाच्या जातभाईची फळं बाजारासाठी झाडून गोळा करतात, तीच फळं माकडालाही हवी असतात. शरावती खोऱ्यात २,००० मेगावॅटचा पंप्ड स्टोरेज प्रकल्प प्रस्तावित आहे, तेही या माकडाच्याच अभयारण्याच्या हद्दीत. असं सगळं 'पुढे होऊ घातलेलं' या खात्यात येतं, पण तिथेही हात राखून लिहायचं, प्रस्ताव म्हणजे झालेली तोड नव्हे.

अजून एक शब्द नवशिक्यांना हमखास फसवतो, 'लोकेशन'. हे नकाशावरचं ठिकाण नाही. एकाच धोक्याने एका दमात जेवढी माकडं सापडू शकतात तेवढा भाग म्हणजे एक लोकेशन. एका धरणाखाली तीन टोळ्यांचं जंगल जाणार असेल तर ते एक, भले तीन तालुके असोत.

आणि समजा उद्या खरंच सुधारलं, तुकडे जोडले गेले, प्रौढ २,५०० च्या वर गेले, तर दुसऱ्या दिवशी दर्जा खाली येत नाही. वरच्या दर्जाचे निकष निदान पाच वर्षं लागू होत नसले पाहिजेत, मगच उतरवतात. चढवताना मात्र थांबत नाहीत. असेसमेंट दहा वर्षांपेक्षा जुनी झाली की तिच्यावर जुनी असल्याची खूण येते.

तुम्ही जाणार असाल तर वनखात्याची परवानगी आधी काढा, शेड्युल एकचा प्राणी आहे. वहीत रोज निघाल्याची आणि परतल्याची वेळ, जीपीएसचा ट्रॅक, हवामान, सोबत कोण, कुठल्या झाडांना फळ होतं, हे टोळी दिसो न दिसो लिहा. दिसली तर पहिल्यांदा कशावरून कळलं, आवाज का फांदी का फळांचा सडा, किती वेळ बघितली, किती वेळा मोजली, प्रत्येक वेळचा आकडा वेगळा लिहा, सरासरी काढत बसू नका. प्रौढ नर, प्रौढ मादी, अर्धवट वयाची, पिल्लं असे चार रकाने, आणि ओळखता न आलेल्यांचा पाचवा रकाना, तो रिकामा ठेवायची लाज बाळगा, कारण या जंगलात सगळीच ओळखता आली म्हणणारा बहुतेक वेळा थापा मारत असतो. फोटो काढताना खायला देऊन खाली बोलवू नका, पुदुथोट्टमला ते आधीच फार झालंय. जून ते सप्टेंबर टाळा, पावसात मोजणं आम्हाला पगारी कामामुळे जमवावं लागतं. डिसेंबर-जानेवारीत जा, आणि पहिले दोन दिवस मोजायच्या भानगडीत न पडता तिथल्या माणसाबरोबर नुसते चाला.